काच घ्या, पण बंदुकीवर नको

‘शिकारीसाठी बजेटमध्ये बसणारा चांगला स्कोप कोणता?’ गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला निदान सात-आठ जणांनी विचारला आहे. विचारणारे सगळे माझ्याच साच्यातले. वय पंचवीस ते पस्तीस, नोकरी हिंजवडीत नाहीतर खराडीत, गाव कराड-पाटण-शिराळा-विटा या पट्ट्यातलं, गावाकडे दोन-चार एकर आणि रात्री झोपण्याआधी अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघायची सवय. मला विचारतात कारण मला भिंगांचा नाद आहे. पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, पण कुणाच्या हातात दुर्बीण दिसली की आधी तिच्यावरचे आकडे वाचतो.

या प्रश्नाचं उत्तर मी आता एकदाच आणि सविस्तर देतो. सातारा-सांगलीत ‘शिकारीचा स्कोप’ ही वस्तू कुठल्याही किमतीला पैसा वसूल करून देत नाही. कुणी फुकट दिली तरी ती महागच पडेल. हे नुसतं नीतीचं प्रवचन आहे असं वाटू नये म्हणून आधी आकडे मांडतो, मग बंदुकीबद्दल बोलतो, मग कायद्याबद्दल आणि शेवटी ज्याच्या नावावर ही हौस खपवली जाते त्या शेतकऱ्याबद्दल.

काचेचा हिशोब

जिकडेतिकडे दिसणारे स्कोप दोन: ४×३२ आणि ३-९×४०. पहिला आकडा म्हणजे चित्र किती पट मोठं दिसणार. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलीमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की स्कोपमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. ४×३२ चा ८ मिलीमीटर. ३-९×४० तीनपटीवर ठेवला तर १३, नऊपटीवर ठेवला तर जेमतेम ४.४. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलीमीटरपर्यंत उघडते, वय वाढेल तशी कमी. म्हणजे ज्या ‘नऊपटी’साठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजता, ती लावली की संध्याकाळनंतर चित्र काळवंडतं. आणि रानडुक्कर संध्याकाळनंतरच येतं.

आता किती भाग दिसतो ते बघा. अशा स्कोपमधून नऊपटीवर १०० मीटरवर सुमारे साडेचार मीटर रुंदीचा भाग दिसतो. आपल्याकडे १०० मीटर मोकळी नजर कुठे जाते? उसाच्या दोन फडांमधल्या बांधावर किंवा पाटणकडच्या भाताच्या खाचरांत २० मीटर म्हणजे खूप झालं. २० मीटरवर त्याच स्कोपमध्ये एक मीटरही रुंदी मावत नाही. समोर जनावर असेल तर तुम्हाला केस दिसतील. ते कुठल्या अंगाचे आहेत ते कळणार नाही.

तिसरी गोष्ट रिव्ह्यूवाले सहसा बोलत नाहीत. स्वस्त स्कोपची जुळणी कारखान्यातच एका ठरावीक अंतरासाठी केलेली असते, बहुधा १०० यार्डांसाठी. त्याहून खूप जवळच्या लक्ष्यावर डोळा मधोमध नसेल तर फुली एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. ४० मिलीमीटरच्या भिंगासाठी २० मीटरवर ही चूक जास्तीत जास्त दीड सेंटिमीटरच्या आसपास जाते. कागदावर दीड सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. सशाच्या डोक्यावर दीड सेंटिमीटर म्हणजे मेंदू आणि जबडा यांतला फरक. जबडा फुटलेला ससा पळून जातो आणि काही दिवसांनी उपाशी मरतो. त्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही.

चौथी गोष्ट खास एअरगनवाल्यांसाठी. स्प्रिंगच्या एअरगनला दुहेरी धक्का असतो, आधी मागे आणि लगेच पुढे. मोठ्या रायफलीसाठी बनवलेला स्कोप मागचा धक्का सोसतो, पुढचा सोसेलच असं नाही. आतली भिंगं आणि फुली हलते. मग ‘चायनीज माल’ म्हणून शिव्या घालायच्या. माल चायनीज असेलही, पण तो चुकीच्या जागी बसवला होता.

बंदुकीचा हिशोब

स्कोप विचारणाऱ्याला मी उलटा प्रश्न टाकतो: कुठल्या बंदुकीवर? इथे बहुतेक गप्पा संपतात.

बहुतेकांकडे असते एअरगन. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलीमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती घरपोच येते. २० ज्यूल म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने. नेमबाजीच्या सरावासाठी उत्तम. परवान्यावर मिळणाऱ्या भारतीय बनावटीच्या ०.३१५ रायफलीच्या गोळीत याच्या शंभरपटीहून अधिक ऊर्जा असते. म्हणजे एअरगनने मोठं जनावर मरत नाही, फक्त जखमी होतं. मरतात ते तितर, होले, ससे आणि शेजाऱ्याची मांजर. तीन हजारांचा स्कोप लावून होला मारायचा आणि त्याला ‘हंटिंग’ म्हणायचं, यातला विनोद ज्याला कळत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रकारची बंदूक गावात कुणाकडे तरी असते: पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा बारा बोअर. हिची नळी आतून गुळगुळीत. छऱ्यांचा मारा उपयोगाचा असतो ३०-४० मीटरपर्यंत. तिच्यावर नऊपटीचा स्कोप बसवणं म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर लावणं.

उरली परवान्याची रायफल. ती फार थोड्यांकडे, आणि तिच्यावर स्कोप बसवायचा तर कारागिराकडून भोकं पाडून बैठक बसवावी लागते. मग स्कोप नळीशी जुळवून घ्यायचा. त्यासाठी मागे मातीचा भक्कम बांध असलेली सुरक्षित जागा हवी आणि पंधरा-वीस काडतुसं तरी उडवायला हवीत. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. सरावाला जागा नाही, काडतुसं मोजकी, तरी स्कोप मात्र हवा. माझ्या धंद्यात याला म्हणतात, प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या दहा गोष्टींपैकी नऊ नसताना दहावी महागातली विकत घेणं.

आणि नेमाचंच म्हणाल तर शेजारचं कोल्हापूर बघा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. या स्पर्धांत रायफलीवर दुर्बिणीचा स्कोप लावायला नियमानेच बंदी आहे. बारीक छिद्रातून बघायचं, चित्र एकपटही मोठं होत नाही, आणि ५० मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलीमीटर. आपल्या करंगळीच्या नखाएवढं. तिथे काम करतो तो श्वास, खांदा आणि वर्षानुवर्षांचा सराव. नेम मारायची हौस असेल तर रायफल क्लबात नाव घाला. कागदाला यातना होत नाहीत.

कायदा, आणि त्याहून मोठं कारण

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. म्हणजे स्कोप विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वडिलांचा जन्म होण्याच्या आसपासचा. कलम ९ ने शिकार बंद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर बिबट्या, गवा, मोर पहिल्या अनुसूचीत आहेत; तिथे किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. तिथेही ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्रयत्नही येतो, त्यामुळे ‘मारलं कुठं, नुसता नेम धरला’ ही पळवाट नाही. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं हत्यार आणि वाहन कलम ३९ प्रमाणे सरकारजमा होतं. स्कोप आणि ईएमआयवरची थार, दोन्ही.

पण समजा कायदा नाही. समजा उद्या सगळं खुलं झालं. तरीही मी म्हणेन, आपल्या रानात स्कोप नको.

बंदूक हाताळण्याचा जगभरचा एक मूलभूत नियम असा की समोर काय आहे हे पक्कं कळल्याशिवाय नळी तिकडे वळवायची नाही. बंदुकीवरचा स्कोप हा नियम उलटा करतो. लांब काहीतरी हललं, ओळखू येईना, तर ‘स्कोपमधून बघू’. म्हणजे जे ओळखलेलं नाही त्याच्यावर भरलेली बंदूक रोखायची. परदेशातले शहाणे शिकारी यासाठीच गळ्यात वेगळी दुर्बीण बाळगतात. आपल्याकडचे दोन्हीचं काम एकात उरकतात आणि त्याला बचत म्हणतात.

आता रात्री आपल्या उसात कोण कोण असतं ते आठवा. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. त्या रात्री मोटार चालू करायला, दारं धरायला माणूस फडात असतो, एकटा, वाकलेला, डोक्याला घोंगडं नाहीतर टॉवेल, हातात मिणमिणती बॅटरी. हंगामात फडाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या खोपी असतात आणि पहाटे चारला त्यांच्या बाया-पोरं रानात गेलेली असतात. स्कोपमधल्या काळपट, एक मीटर रुंदीच्या चित्रात वाकलेला माणूस आणि डुक्कर यांत फार फरक दिसत नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली, तो मेला. हे आपल्या उसात होणार नाही अशी खात्री कुठल्या किमतीच्या स्कोपबरोबर येते?

‘पण स्कोपमुळे जनावराला त्रास कमी होतो’

समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. जर्मनीत रानडुकरांची शिकार कायदेशीर आहे. संध्याकाळी उंच मचाणावर बसून करतात. तिथे ८×५६ चे स्कोप का वापरतात तेही भागाकार करून कळतं: ५६ भागिले ८, बरोबर ७ मिलीमीटर, अंधारातल्या बाहुलीएवढं. तिथे स्कोपवर रायफलीइतका खर्च करा असा सल्ला देतात, आणि तो रास्त आहे. एका गोळीत जनावर पडावं, यासाठी ती काच.

पण तिथे ती काच साखळीतली शेवटची कडी आहे. त्याआधी शिकाऱ्याची सरकारी परीक्षा असते, तीत प्राण्यांची ओळख, कायदा, मांसाची स्वच्छता आणि नेमबाजी. मग परवाना, मग ठरलेलं रान, ठरलेला हंगाम, आणि जखमी जनावर पळालं तर माग काढायला शिकवलेला कुत्रा. आपण त्या साखळीतल्या बाकीच्या सगळ्या कड्या सोडून शेवटची तेवढी ऑनलाइन मागवतो. दयेचा युक्तिवाद करायचा तर आधी जखमी डुकराच्या मागे रात्रभर करवंदीच्या जाळीतून हिंडायची तयारी दाखवा. वीकेंडला रविवारी संध्याकाळी स्वारगेटची गाडी धरणाऱ्याकडे ती नसते.

शेतकऱ्याचं नाव घेऊ नका

सगळे मुद्दे हरले की हुकमी पत्ता निघतो: ‘तुला काय कळणार, शेतकऱ्याचं किती नुकसान होतं.’

कळतं. माझे चुलते पाटण तालुक्यात भात आणि भुईमूग करतात. डुकरांचा एक कळप एका रात्रीत भुईमुगाचा वाफा नांगरल्यासारखा उकरून जातो. शेंगा भरायच्या दिवसांत आबा माळ्यावर झोपतात. झोपतात कसले, डबा वाजवत बसतात. वर गवे उतरतात ते वेगळंच. २०२१ च्या डिसेंबरात तर गवा सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंत येऊन गेला. उसात बिबट्याची मादी पिलं घालते, म्हणून तोडीला टोळी यायला बिचकते. हे सगळं खरं आहे, आणि पुण्यातल्या बाल्कनीतून ‘आपणच त्यांच्या घरात घुसलोय’ असं लिहिणाऱ्या प्राणिप्रेमींना यातलं काही सोसावं लागत नाही, हेही खरं. त्यांनी एक आठवडा माळ्यावर डबा वाजवून दाखवावा.

पण या माणसाला स्कोपचा काय उपयोग? मी आबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, “आरं, डुक्कर काय फोटोला थांबतंय व्हय? एक मारलं तर धा पळत्यात, नि चौथ्या दिशी परत येत्यात. मला तार दे, मशीन दे, नि पंचनाम्याला माणूस येळंवर पाठव.”

या मागणीत सगळं आलं. तार म्हणजे सौर बॅटरीवरची झटका मशीन, जिचा झटका जनावराला हाकलतो, मारत नाही. थेट मेन लाइनचा आकडा कुंपणाला टाकणं नव्हे. त्याने डुकरापेक्षा आधी शेजारचा माणूस मरतो, आणि दरवर्षी अशा बातम्या वाचायला मिळतात. ही तार एकट्याने लावली तर कळप शेजाऱ्याच्या रानात जातो, म्हणून अख्ख्या शिवाराने मिळून लावावी लागते. सागरेश्वरकडे बघितलं की हे कळतं. देवराष्ट्रेजवळच्या उघड्या डोंगरावर धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं हे १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, तेही कुंपणासकट. आत हरणं वाढली, कुंपण जिथे ढिलं पडलं तिथून बाहेर आली, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांची तक्रार सुरू झाली. कुंपण बांधणं एकदाचं, राखणं कायमचं. या राखण्यावर पैसे लागतात.

आणि जनावर मारावंच लागेल अशी वेळ आली, तर कायद्यात कलम ११ आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ही परवानगी कागदावर सोपी आणि हातात अवघड आहे. इथे भांडा. अर्ज करा, ग्रामसभेत ठराव करा, आमदाराला गाठा, भरपाईचा पाठपुरावा करा. आपण रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या तक्रारींचे तिकीट बंद करतो. गावातल्या दहा जणांचे नुकसानीचे अर्ज फोटो-लोकेशनसकट भरून देणं आपल्याला एका रविवारचं काम आहे. ते करायला कुणी मला विचारत नाही. स्कोप मात्र सगळ्यांना हवा. म्हणून म्हणतो, या हौसेला शेतकऱ्याचं नाव देऊ नका. त्याच्या रानात तुम्ही जाता ते त्याच्यासाठी नव्हे.

आजोबांची बंदूक

शेवटी उरतं ते ‘आमच्या घराण्यात शिकार होती’. असेल. औंध, फलटण, सांगली, सातारा, सगळीकडे संस्थानं होती, शिकारखाने होते, आणि गावोगाव वाघर लावून ससा-डुक्कर धरणारी माणसंही होती. त्या माणसाला रान वाचता येत होतं. विष्ठेवरून, खुरावरून, वाऱ्यावरून त्याला जनावर कळायचं. स्कोप हे बरोबर त्याच्या उलटं टोक आहे. रान न वाचता जनावर गाठायची सोय.

या मातीतलाच दुसरा वारसा सांगतो. माणदेशातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. बंदूक घेऊन रान हिंडलेला माणूस. पुढे तोच नागझिऱ्याच्या जंगलात वही-पेन्सिल घेऊन राहिला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. वारसा हवाच असेल तर त्यातला उत्तरार्धही घ्यावा.

तर मग घ्यायचं काय?

उत्तर न देता सोडणार नाही. स्कोपचे पैसे बाजूला ठेवा, थोडे आणखी साठवा आणि ८×४२ ची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या. डोळ्यात येणारा गोल सव्वापाच मिलीमीटर, पहाटेलाही पुरतो. आठपटीत हात थरथरला तरी चित्र टिकतं. चष्मा असेल तर डोळ्यापासूनचं अंतर १५ मिलीमीटरहून जास्त असलेली बघा. आत नायट्रोजन भरलेली घ्या, कोयनेच्या पावसात धुकं धरणार नाही. जवळचं किती जवळ दिसतं तेही तपासा. दोन मीटरवरचं फुलपाखरू दिसलं पाहिजे. ‘३०×६०’ असं छापलेल्या खेळण्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

हिवाळ्यात खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर जा. चांदोलीला जा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला, आणि २०१८ मध्ये तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाचा फोटो आला. झाडाला बांधलेला एक डबा, एक भिंग, आणि समोरून गेलेलं जनावर. पश्चिम महाराष्ट्रातल्या रानात अलीकडे काचेने केलेली सर्वांत मोठी शिकार ती. तिला परवाना लागला, काडतूस नाही, आणि वाघ पुढे चालत गेला.

पुढच्या वेळी कुणी ‘बजेटमधला स्कोप’ विचारला तर मी हा लेख पाठवीन. त्याखाली एवढंच लिहीन: दुर्बीण घे, उरलेल्या पैशांत गावच्या तारेला हातभार लाव, आणि भुईमूग भरायच्या दिवसांत एक रात्र माळ्यावर ये. डबा आमच्याकडे आहे.